पडदे उपटलेली गिटार : बेस गिटारची खरेदी, फेरफार आणि व्यापार

१/
१९८६ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका उद्यानाच्या बाकावरून एक बेस गिटार चोरीस गेली. ती १९६२ सालची होती. तिचे पडदे उपटलेले होते, दांडीच्या पट्टीवर नौकांना देतात तसा राळेचा कठीण लेप होता आणि तुकडे झालेले तिचे लाकूड कारागिरांनी नुकतेच सांधून दिले होते. जुन्या वाद्यांच्या बाजाराच्या हिशेबाने ती नासवलेली वस्तू होती. संगीताच्या हिशेबाने तिच्या तोलाची दुसरी बेस गिटार दाखवणे अवघड आहे. हे दोन हिशेब एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा हा इतिहास.

२/
बेस गिटार येण्यापूर्वी खर्जाचे काम डबल बासकडे होते. माणसाच्या उंचीहून मोठे, पोकळ, नाजूक असे हे वाद्य गावोगाव हिंडणाऱ्या वाद्यवृंदांना ओझे होते. ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे. शिवाय ड्रम आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात त्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचत नसे. वादक घाम गाळत राही आणि त्याचे कष्ट ऐकू मात्र येत नसत.

३/
या अडचणीवर उपाय शोधला कॅलिफोर्नियातील फुलरटन गावच्या लिओ फेंडर यांनी. त्यांचे मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली : भरीव लाकडाचे धड, चार तारा, तारांचे कंपन विद्युत्‌लहरीत बदलणारा पिकअप आणि दांडीवर धातूचे पडदे.

४/
यातील पडद्यांचे महत्त्व भारतीय वाचकाला चटकन कळेल. डबल बासला सारंगीप्रमाणे पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. सतारीसारखे पडदे आले की सूर जागच्या जागी मिळतो. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता, आणि वाद्याचे नाव त्यावरूनच पडले. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील मंक मंटगोमेरी हा ती रंगमंचावर नेणाऱ्या पहिल्या वादकांपैकी एक होता.

५/
पुढच्या साऱ्या कथेचे बीज मात्र एका साध्या निर्णयात होते. पारंपरिक गिटार घडवणारे दांडी सरसाने कायमची चिकटवत. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी धडाला जोडली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा हा विचार होता : बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा, वाद्य पुन्हा कामाला लावावे. दांडी, पिकअप, घोडी, खुंट्या असे सारेच सुटे करता येऊ लागले. स्क्रूड्रायव्हर हाती असलेला प्रत्येक ग्राहक आता अर्धा कारागीर झाला.

६/
१९६० मध्ये ‘जॅझ बेस’ आली. तिची दांडी वरच्या टोकाला अधिक निमुळती होती आणि पिकअप एकाऐवजी दोन होते. दोहोंच्या आवाजाचे प्रमाण कमीजास्त करून वादक हवा तो रंग मिळवू शकत असे. आजही जगात घडणाऱ्या असंख्य बेस गिटारांचा आराखडा या दोन नमुन्यांवरूनच निघतो.

७/
फेरफारांचा पहिला गाजलेला प्रसंग इंग्लंडमध्ये घडला, आणि त्याचे मूळ पैशांच्या चणचणीत होते. पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेलेल्या बिल वायमन यांनी १९६१ साली ८ पौंडांना एक स्वस्त बेस गिटार घेतली. तिचे धड कापून त्यांनी लहान केले. झिजलेले पडदे नवे बसवायचे म्हणून उपटले. पण पडद्यांविना आवाज अधिक भावला आणि नवे पडदे बसवायचे राहूनच गेले. कारखान्यात घडलेली बिनपडद्यांची पहिली बेस गिटार ‘अँपेग’ कंपनीने १९६६ साली आणली आणि फेंडर कंपनीची १९७० साली आली. म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या आधी एका वादकाची पक्कड तिथे पोहोचली होती.

८/
याच्या नेमक्या उलट वाट डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सन यांची होती. मोटाउन कंपनीच्या तळघरातील ध्वनिमुद्रणगृहात ते १९६२ सालच्या प्रिसिजन बेसवर, उजव्या हाताच्या केवळ एका बोटाने, वाजवत. गुळगुळीत वेष्टणाच्या जाड तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत. तारांवर साचलेला मळ आणि घोडीच्या झाकणाखालचा फोम यांतून त्यांचा तो दबका, गोल ठोका घडे. काहीही न बदलणे हीसुद्धा वाद्य आपलेसे करण्याची एक रीत होती.

९/
आता पुन्हा त्या चोरीस गेलेल्या गिटारकडे. तिचा धनी जेको पास्टोरियस, जन्म १९५१, वाढला फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे. १९६२ सालची एक जॅझ बेस त्याच्या हाती आली. तिचे पडदे आपण लोणी लावायच्या सुरीने उपटल्याचे तो सांगे. पडदे आधीच काढलेले होते, असेही त्याने कधी सांगितले. कोणतीही हकीगत खरी धरली, तरी रिकाम्या खाचा लाकडाच्या लगद्याने बुजवल्या गेल्या आणि दांडी सपाट झाली.

१०/
इथे एक तांत्रिक अडचण होती. जेकोला ‘रोटोसाउंड’च्या खरखरीत वेष्टणाच्या तारा हव्या होत्या, कारण त्यांचा नाद लखलखीत असतो. पडदे असताना तार धातूवर घासते, पडदे गेल्यावर ती थेट शिसवीच्या पट्टीवर घासू लागते आणि कानशीप्रमाणे लाकूड खाते. जेकोने पट्टीवर नौकांसाठी वापरतात त्या इपॉक्सीचे थर दिले. समुद्राचे पाणी सोसणारा तो लेप तारांपुढेही टिकला.

११/
लेपाने लाकूड तर वाचलेच, पण नादही पालटला. कठीण, चकचकीत पृष्ठावर तार हलकेच घासत झंकारते आणि स्वर उमटल्यानंतर फुलत जातो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणाऱ्या मिरजेच्या कारागिराला यामागचे तत्त्व सांगावे लागणार नाही : तार आणि पृष्ठ यांच्या निसटत्या स्पर्शातच तो झंकार दडलेला असतो. त्यात पडदे नसल्याने मींड मोकळी झाली. खर्जाचे वाद्य गाऊ लागले.

१२/
१९७६ साली जेकोचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. त्याच वर्षी जोनी मिचेल यांच्या ‘हेजिरा’मध्ये आणि १९७७ मध्ये ‘वेदर रिपोर्ट’च्या ‘हेवी वेदर’मध्ये त्याचे वादन गाजले. मागे राहून ताल धरणारी बेस गिटार पुढे येऊन चाल मांडू लागली. अनेक तरुण वादकांनी आपापल्या गिटारींचे पडदे उपटले. त्यातल्या कित्येकांच्या हाती जेकोचा स्वर लागला नाही, केवळ खाचा पडलेली दांडी उरली.

१३/
याच काळात फेरफारांचे रीतसर कारखाने उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोजवळ ‘अलेम्बिक’ने ‘ग्रेटफुल डेड’च्या फिल लेश आणि ‘जेफरसन एअरप्लेन’च्या जॅक कॅसडी यांच्या गिटारींत नवे पिकअप आणि विद्युत्‌मंडले बसवून पाहिली आणि त्यातून स्वतःची वाद्ये घडवली. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्की यांनी मार्कस मिलर यांच्या १९७७ सालच्या जॅझ बेसमध्ये प्रीअँप बसवला. पुढे खुद्द फेंडर कंपनीने मिलर आणि पास्टोरियस या दोघांच्याही नावाने गिटारी विकल्या. ग्राहकाने केलेली ‘मोडतोड’ अशा रीतीने कंपनीच्या यादीत माल म्हणून परत आली.

१४/
बाजाराची दिशा मात्र दुसऱ्याच एका व्यवहाराने ठरली. प्रकृती खालावल्याने लिओ फेंडर यांनी कंपनी विकायला काढली आणि जानेवारी १९६५ मध्ये ‘सीबीएस’ने ती १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. हळूहळू वादकांत समज रुजला की नव्या मालकांच्या अमलात कामाचा दर्जा घसरला. ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द बिरुदासारखा वापरला जाऊ लागला. तोवर जुनी गिटार म्हणजे केवळ वापरलेली गिटार होती, गहाणवटीच्या दुकानात स्वस्तात मिळणारी. आता ती ‘व्हिंटेज’ झाली.

१५/
१९७० साली जॉर्ज ग्रून यांनी नॅशव्हिलमध्ये दुकान काढले. जुन्या गिटारींचा अभ्यास करून त्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांची एक पिढी अशी तयार झाली. नाणेतज्ज्ञ टांकसाळीची खूण शोधतो, तसे हे व्यापारी गिटारीचे वय शोधू लागले. अनुक्रमांक पुरेसा नसे. अनेक गिटारींत तो दांडीमागच्या पत्र्यावर कोरलेला असे आणि पत्रा चार स्क्रूंचा धनी, सहज बदलता येणारा.

१६/
म्हणून दांडी सोडवून तिच्या टाचेवरची तारीख पाहायची. मग आवाजाची बटणे फिरवणाऱ्या पोटेन्शिओमीटरवरील आकडे वाचायचे. त्यांत निर्मात्याचा संकेतांक, वर्ष आणि आठवडा दिलेला असतो. त्यानंतर डाखाचे सांधे कारखान्यातले आहेत की नंतरचे, हे तपासायचे. दांडी एका गिटारीची, धड दुसरीचे आणि पिकअप तिसरीचे असा प्रकारही आढळतो. ज्या सुटेपणामुळे दुरुस्ती सोपी झाली, त्यानेच बनावटही सोपी केली.

१७/
या शास्त्रातून बाजाराचा कठोर नियम जन्मला : हात न लागलेले ते मौल्यवान. गिटार नव्याने रंगवली असेल तर तिची किंमत साधारण निम्मी धरावी, हा या व्यापारातील जुना ढोबळ संकेत आहे. खोदलेली खाच, बदललेली घोडी, भोक पाडून बसवलेले नवे बटण, प्रत्येकाची वजावट होते. आज १९६२ सालच्या जॅझ बेसचे पडदे कोणी उपटले, तर त्याला वेड्यात काढतील. जेकोच्या हाती ती आली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची, वापरलेली, कामाची वस्तू होती. म्हणूनच सुरी चालवण्याची हिंमत होऊ शकली.

१८/
किमती वाढल्या तसा कायदाही आडवा आला. त्या काळच्या अनेक गिटारींच्या पट्ट्या ब्राझीलच्या शिसवीच्या आहेत. १९९२ पासून हे लाकूड संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. परवान्याशिवाय अशी गिटार देशाबाहेर विकता येत नाही. तीस वर्षे वाजवलेले वाद्य सीमेवर वनोपज ठरू शकते.

१९/
जिथे भाव, तिथे चोर. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्ग शहरात सुमारे ३० पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीस गेली. जेमर्सन यांची प्रिसिजन १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधी चोरीला गेली आणि पुन्हा दिसली नाही. हॉफ्नर मात्र इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर सापडली. २०२४ मध्ये, ५१ वर्षांहून अधिक काळानंतर, ती मॅकार्टनी यांना परत मिळाल्याचे जाहीर झाले.

२०/
जेकोला आपली गिटार परत दिसली नाही. मानसिक आजाराने पोखरलेल्या त्याच्या अखेरच्या वर्षांत तो बेघरही झाला होता. सप्टेंबर १९८७ मध्ये फोर्ट लॉडरडेलजवळच्या एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. चोरीनंतर वीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याची गिटार न्यूयॉर्कमध्येच पुन्हा प्रकट झाली.

२१/
ती खरी कशावरून? जिथे बाजार डाग नसल्याची खातरजमा करतो, तिथे या गिटारीची साक्ष डागांनीच दिली. मोडलेल्या तुकड्यांचे सांधे, बुजवलेल्या खाचा, इपॉक्सीचा तो थर : असा चेहरा दुसऱ्या कोणत्याही गिटारीला नव्हता. व्यापाऱ्याच्या वहीत ज्यांची वजावट होते, त्या खुणा इथे ओळखपत्र ठरल्या.

२२/
मालकीचा तंटा काही वर्षे चालला. दुकानदाराचा दावा पैसे मोजल्याचा होता आणि कुटुंबाचा वारशाचा. २०१० मध्ये ‘मेटालिका’चा बेसवादक रॉबर्ट ट्रुहीयो याने पैसे भरून तो मिटवला. कायद्याने गिटार त्याची झाली, पण एका अटीवर : त्याने मोजली त्याच किमतीला कुटुंबाला ती केव्हाही परत घेता येईल.

२३/
त्या अटीचा अर्थ सरळ आहे. बाजारभाव कितीही चढो, या एका गिटारीवर नफा मिळवायचा नाही. लिओ फेंडर यांनी चार स्क्रूंनी जोडली, जेकोने पडद्यांवाचून गायला लावली, कोणा चोराने पळवली आणि व्यापाऱ्याने पारखली, ती वस्तू अखेर एका बेसवादकाने भाव गोठवून सांभाळली. काचेच्या कपाटात ‘हात न लागलेली’ म्हणून जपलेल्या गिटारींची किंमत रोज नव्याने ठरते. हिची किंमत २०१० मध्येच थांबली आहे.