आजोबांची बैलजोडी

लोकसभेचे निकाल टीव्हीवर सरकू लागले की मला हमखास आमचे आजोबा आठवतात.

आजोबा धुळे तालुक्यातले, पक्के काँग्रेसवाले. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. आजोबा तेव्हा विशीतले. तिथे जाऊन आले आणि जन्मभर तेच सांगत राहिले.

मग आलं 1957 साल. देशात काँग्रेसपुढे टिकेल असा पक्षच नव्हता. लोकसभेच्या 494 पैकी 371 जागा तिच्याच. पण इकडे 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य माथी मारलेलं, लोक चिडलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लाटेत धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या पक्षाचे अख्ख्या देशात चारच खासदार झाले, त्यातले एक अटलबिहारी वाजपेयी! आणि पूर्व खानदेशातून, म्हणजे आताच्या जळगाव जिल्ह्यातून, मुंबईचे पारशी वकील नौशेर भरुचा अपक्ष निवडून आले. ज्या जिल्ह्यात फैजपूर, तिथेच.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती. आजोबा म्हणायचे, "बैलजोडीसमोर हात थबकला रे. आपल्याच दावणीची जनावरं वाटली." पण मत पडलं पणतीच्या पेटीत.

आजीने घरी आल्यावर विचारलं, तर "तुले काय करनं शे?" म्हणून सरळ गोठ्यात गेले. रात्री जेवले नाहीत.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. त्यामागे मोठं आंदोलन होतं, लोकांनी दिलेले प्राण होते, आणि अशी जड हाताने टाकलेली मतंही होती. 1962 ला धुळे-जळगाव दोन्ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेल्या. आजोबाही बैलजोडीकडे परतले. "राज्य मिळालं ना! मग राग कशाला?"

त्या काळी लोक डोळे मिटून एकाच पक्षाला मत देत, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. पक्ष एकच मोठा होता, पण मतदाराचं डोकं त्याच्याकडे गहाण नव्हतं.

असो. गेल्या निवडणुकीत एका चुलतभावाने पक्ष बदलला म्हणून मी त्याला चारचौघांत 'गद्दार' म्हणालो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आजोबांना मात्र मी असं कधी म्हटलं नाही.

दादा, हे वाचत असशील तर... रविवारी फोन करतो. उचल.