गोनीदा: गडवाटेवरचा संसारी माणूस
गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे वाचकांचे गोनीदा आणि घरच्यांचे आप्पा, यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातल्या परतवाड्याला झाला. शाळकरी वयातच स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. पुढे गाडगे महाराजांचा सहवास लाभला, वेदान्ताचा अभ्यास झाला, नर्मदेची परिक्रमा पायी घडली. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी त्या परिक्रमेतून आली. असा हा घर सोडून निघालेला मुलगा पुढे चांगला संसारी झाला, पण पायाची भिंगरी थांबली नाही.

त्यांनी बिऱ्हाड थाटले ते तळेगाव दाभाडे येथे. पुणे–लोणावळा लोहमार्गावरचे हे गाव गडांचे वेड असलेल्याला मानवणारेच. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची ही सारी त्याच मावळ मुलखातली. १८१८च्या युद्धानंतर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले होते. शिबंदी गेली, वाडे पडले, टाकी गाळाने भरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर गडावर जायचे म्हणजे खालच्या वाडीत वाट विचारायची, एखादा गुराखी सोबतीला घ्यायचा, टाक्याचे पाणी प्यायचे आणि रात्री देवळात पथारी टाकायची. गोनीदा आयुष्यभर असेच हिंडले.

त्यांचा जीव सर्वांत जास्त जडला तो राजगडावर. रायगडाआधीची शिवाजी महाराजांची ही राजधानी. बालेकिल्ल्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या पसरलेल्या. संजीवनीला दुहेरी तट, सुवेळेच्या कातळात आरपार नेढे. पद्मावतीच्या देवळात मुक्काम ठोकून गड सावकाश पाहावा, हीच त्यांची रीत. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांनी अनेकांना गडाची वाट धरायला लावले. लेखणीच्या जोडीला कॅमेराही होता. पडझड पुढे वाढतच गेली, म्हणून त्यांनी टिपलेल्या गडांच्या छायाचित्रांचे मोल आज फार मोठे आहे.

मात्र केवळ तट-बुरुजांचे वर्णन करणारा लेखक म्हणून त्यांच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. गडाच्या पायथ्याशी राहणारा माणूस मराठी कादंबरीत इतक्या मायेने आणणारा त्यांच्यासारखा दुसरा लेखक सापडणे कठीण. ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळातला, तुंगीच्या हवालदारीचा अभिमान जपणारा. ‘माचीवरला बुधा’ हा मुंबईतले राहणे सोडून राजमाचीवर परतणारा म्हातारा. झाडे आणि पाखरे हेच त्याचे गणगोत. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचा नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीवर सूड उगवायला निघतो. या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला. ‘स्मरणगाथा’ या आत्मचरित्रपर कादंबरीला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

हे वेड त्यांनी एकट्यापुरते ठेवले नाही. लेक वीणा देव त्यांच्याबरोबर गड चढली. जावई विजय देव यांनाही तीच ओढ लागली आणि नातींनाही आजोबांनी गड दाखवले. आप्पांच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून श्रोत्यांसमोर मांडण्याची प्रथा या कुटुंबाने १९७५ पासून चालवली. वीणा आणि विजय देव, नात मृणाल व तिचा नवरा रुचिर कुलकर्णी असे एकाच घरातले आवाज त्यात असत. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. केवळ आवाजाच्या चढउतारातून मावळ आणि कोकण श्रोत्यांपुढे उभे राहत. वीणाताईंनी ‘आशक मस्त फकीर’ हे पुस्तक वडिलांवर लिहिले.

१ जून १९९८ रोजी पुण्यात गोनीदांचे निधन झाले. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत रायगड, राजगड आणि लोहगड आहेत. या गडांवर आता गर्दी होते. तिथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ‘दुर्गभ्रमणगाथा’ जरूर वाचावी, आणि गडाखालच्या वाडीतल्या माणसांशी दोन शब्द बोलूनच वर चढावे.