शिंपला

कराडचा प्रीतिसंगम सोडून कृष्णा सांगलीकडे निघते, तिच्या गाळात शिंपले रुतलेले असतात. शिंप, शिंपा, शिंपला ही सारी प्राकृत ‘सिप्पी’ची लेकरं, हिंदीतली ‘सीप’ त्यांची बहीण. इथल्या एका शिंपल्याचं शास्त्रीय नाव ‘लॅमेलिडेन्स’, म्हणजे लॅटिनमध्ये पत्र्यासारखे दात. शिंपला उघडून बिजागरीपाशी पाहा, लांबट कंगोरे दिसतील. वर्गीकरणात त्यांना मोठा मान.

त्याहून विलक्षण शब्द ‘ग्लोकिडियम’, बाणाच्या टोकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला. मादी अंडी आपल्याच कल्ल्यांत सांभाळते. बाहेर पडलेली सूक्ष्म पिल्लं, म्हणजेच ग्लोकिडियम, माशाच्या कल्ल्यांना, परांना चिकटतात, तिथे रूप बदलून मग गाळात उतरतात. १७९७ साली प्राणिशास्त्रज्ञ राथके यांनी त्यांना निराळाच परजीवी प्राणी समजून हे नाव दिलं. ती तर शिंपल्याचीच पोरं! कृष्णेत मासे मरून तरंगतात तेव्हा शिंपल्यांची पुढची पिढीही बुडते. मेलेल्या माशांच्या पंचनाम्यात तिचीही नोंद हवी.