भाऊसाहेब बांदोडकर: कौल हरला, निवडणूक जिंकली

गोव्याला आपण सगळेच जातो, पण गोवा महाराष्ट्रात का नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. या कहाणीच्या मध्यभागी आहेत दयानंद बांदोडकर, म्हणजेच भाऊसाहेब, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री.

जन्म १९११ चा, पेडण्याचा. पोर्तुगीज राजवटीतच खाणधंद्यात उतरले आणि बडे खाणमालक झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि दोनच वर्षांत पहिली निवडणूक आली. ती भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकली. गंमत बघा, नेता खाणमालक आणि मतं कुळांची, बहुजनांची! गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा हे पक्षाचं मुख्य ध्येय. मला वाटतं, या मागणीत मराठीच्या प्रेमाइतकाच भाटकारांवरचा (म्हणजे जमीनदारांवरचा) रागही होता.

विलीनीकरणाचा निर्णय शेवटी जनमत कौलावर सोपवला गेला. मुख्यमंत्री खुर्चीत असताना कौल निष्पक्ष होणार नाही अशी विरोधकांची तक्रार, म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणासाठी 'फूल', वेगळ्या गोव्यासाठी 'दोन पानं'. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विषय संपला.

एवढा मोठा मुद्दा हरल्यावर नेता घरी बसायला हवा, नाही का? पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा निवडून दिलं! १९७२ मध्येही तेच.

याला काही जण मतदारांचा गोंधळ म्हणतील. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. प्रश्न दोन होते, उत्तरंही दोन दिली. गावोगावी शाळा काढणारा, १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा करणारा माणूस लोकांना हवा होता. त्याचा नकाशा मात्र नको होता.

ऑगस्ट १९७३ मध्ये मुख्यमंत्रिपदावर असतानाच ते गेले. पुढे त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाली. कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती तिच्या सरकारने १९७६ मध्ये केली.

आपल्याकडे कौलाची गोष्ट 'गोवा हातचा गेला' अशा सुरात सांगतात. पण ज्यांचं गाव, ज्यांची जमीन, त्यांना विचारलं गेलं आणि हरलेल्या मुख्यमंत्र्याने ते उत्तर मानून पुढे सहा वर्षं त्याच वेगळ्या गोव्याचा कारभार केला. मला तरी हा भाग जास्त मोलाचा वाटतो.