मँचेस्टरचा गाळ, दख्खनची नदी

कापडगिरण्यांनी मँचेस्टरला श्रीमंत केले आणि तिथल्या इर्वेल नदीची गटारगंगा केली. रंगाऱ्यांची टाक्या-हौदांतली धुणावळ, रसायनांचे कारखाने आणि गिरणगावाचे मैलापाणी असे सगळे त्या एका पात्रात येऊन पडे. नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध इंग्लंडमध्ये १८७६ साली कायदा झाला खरा, पण पळवाटा इतक्या की नदीला त्याचा पत्ताही लागला नाही. १८९४ मध्ये समुद्रातली जहाजे थेट मँचेस्टरपर्यंत आणणारा कालवा खुला झाला. त्याच वर्षी शहराबाहेर डेव्हिहल्म येथे मैलापाणी शुद्धीकरणाचे केंद्र सुरू झाले. आज जगभर ज्या पद्धतीने सांडपाणी शुद्ध होते, तिचा जन्म याच केंद्रात झाला.

त्या काळी मुख्य उपाय दोन. मैलापाणी शेतात सोडायचे, नाहीतर दगडगोट्यांच्या थरांतून हळूहळू झिरपवायचे. दोन्हींना जागा भरपूर लागे आणि वाढत्या शहराकडे नेमकी तीच नव्हती. मँचेस्टर महापालिकेचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ होते गिल्बर्ट फाउलर. १९१२ मध्ये न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणाबाबत सल्ला द्यायला ते अमेरिकेला गेले. तिथे मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात त्यांनी एक प्रयोग पाहिला. सांडपाण्यात हवा सोडली जात होती आणि ते निवळत होते. परतल्यावर फाउलर यांनी डेव्हिहल्मच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना तसाच प्रयोग करायला सांगितले.

दोघांनी बाटल्यांत शहराचे मैलापाणी भरले, शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि आत हवा सोडत राहिले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढ्या सावकाशीने कोणत्याही शहराचे भागणार नव्हते. त्यांनी मग वरचे नितळ पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर ताजे मैलापाणी घातले. पुन्हा हवा, पुन्हा निवळणे, पुन्हा तोच गाळ. दर फेरीला वेळ कमी होत गेला आणि पाच आठवड्यांचे काम चोवीस तासांच्या आत येऊन ठेपले. आतापर्यंत फेकून द्यायची गोष्ट मानलेला हा गाळच खरा कामकरी निघाला. त्यात वाढलेले जिवाणू पाण्यातली घाण खात होते. दह्याला विरजण लागते, तसे नव्या मैलापाण्याला जुना गाळ लागत होता. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये दोघांनी आपला निबंध वाचला आणि या पद्धतीला ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ हे नाव मिळाले.

ज्ञानामागोमाग धंदा आला. जोन्स अँड ॲटवुड या इंग्रज कंपनीने पेटंटे घेतली आणि १९१६ मध्ये वुस्टर शहरात मोठा प्रकल्प उभा राहिला. अमेरिकेत मिलवॉकी शहराने १९२५ मध्ये हीच पद्धत चालू केली आणि वाळवलेला गाळ पोत्यांत भरून खत म्हणून विकायलाही सुरुवात केली. पेटंटवाल्यांनी शहराला कोर्टात खेचले. पेटंटचा भंग झाल्याचे अपील न्यायालयाने १९३४ मध्ये मान्य केले, पण प्रकल्प बंद पाडायला नकार दिला. बंद केला तर सगळी घाण मिशिगन सरोवरात जाईल, ही अडचण न्यायाधीशांनाही दिसत होती.

पाणी किती शुद्ध करायचे, हेही इंग्लंडमध्येच ठरत होते. १८९८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात दोन आकडे दिले. लिटरमागे तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम आणि पाच दिवसांची बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जो प्राणवायू ओढून घेते त्याचे माप, २० मिलिग्रॅम. पाचच दिवस का, तर ब्रिटनमधल्या कोणत्याही नदीचे पाणी तेवढ्यात समुद्राला मिळते, असे कारण सांगितले जाते. त्या आकड्यांना एक अटही जोडलेली होती. सोडलेल्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहते असले पाहिजे. आकडे जगभर गेले. अट बहुतेक ठिकाणी मागेच राहिली.

फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि त्यांच्यासोबत ही विद्याही भारतात आली. पण हिंदुस्थानची पाटी कोरी नव्हती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या बंद टाक्यांवर वायू गोळा करायची सोय झाली होती आणि त्या वायूवर इंजिन चालत होते. मुंबई पालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी उष्ण देशांतल्या मैलापाण्यावर १९०६ मध्ये एक पुस्तकच लिहिले. मँचेस्टरच्या थंडीत जिवाणूंना जोमाने कामाला लावायचे तर यंत्राने हवा द्यावी लागे. मुंबईच्या उकाड्यात ते हवेवाचूनही काम उरकत.

उष्ण हवामानाकडून काम करून घेण्याचा हा धडा पुढे नागपुरात गिरवला गेला. तिथे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली, तीच १९७४ पासूनची ‘नीरी’. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ यांच्या मदतीने मैलापाणी शुद्ध करण्याचे भारतीय गणित मांडले. ज्या शेवाळाला आर्डर्न आणि लॉकेट यांनी कागद गुंडाळून बाटलीबाहेर ठेवले, तेच इथे फुकटात प्राणवायू पुरवू लागले.

महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखणारा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षे आधी. १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण मंडळ आले. कारखान्याला मंडळाची संमती लागू लागली, तशी ईटीपीचे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे, आराखडे काढून देणाऱ्या सल्लागारांना बरकत आली. पाठ्यपुस्तकातला साचा तयार होता: समानीकरण टाकी, हवेची टाकी, निवळण टाकी आणि गाळ सुकवायचे वाफे. साखरपट्ट्यात मात्र तो अपुरा पडला. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागे उरणारे सांडपाणी, निघतो. घरगुती मैलापाण्याची बीओडी दोन-तीनशेच्या घरात असते, याची चाळीस हजारांच्या पुढे. एवढ्या घाणीला हवा पुरवायची तर विजेच्या बिलातच आसवनी बुडायची. म्हणून माटुंग्याचीच वाट पुन्हा धरावी लागली. स्पेंटवॉश बंद टाकीत कुजवायचा आणि निघालेला वायू बॉयलरला जाळायचा.

तरीही टाकीतून बाहेर पडणारे पाणी नदीला झेपण्याजोगे नव्हते. आसवन्यांनी नदीत थेंबही सोडू नये, असे उद्दिष्ट शेवटी उद्योगांच्या पर्यावरणीय जबाबदारीबाबतच्या २००३ च्या केंद्रीय सनदेने ठेवले. तिथे मिलिग्रॅमचे गणितच संपले.

इतर उद्योगांसाठी ते चालूच आहे. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. मोजणी आपल्या हवेला धरून होते, पाच दिवसांऐवजी तीन दिवस, २७ अंश तापमानाला. तापमान जुळवून घेतले, नदी मात्र जुळवली नाही. दख्खनच्या नद्या पावसाळ्याचे चार महिने दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांची डबकी होतात. धरणे वरचे पाणी अडवतात. पुण्याखाली मुळा-मुठेत उन्हाळ्यात जे वाहते त्यात शहराच्या सांडपाण्याचाच वाटा मोठा असतो. आठपट स्वच्छ पाणी आणायचे कुठून? नदीत किती पाणी सोडायचे हे जलसंपदा खाते ठरवते, नदीत काय सोडायचे हे प्रदूषण मंडळ पाहते. आयोगाच्या अहवालात या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या होत्या.

कारखान्यांच्या फाटकावर आता सांडपाण्याचे आकडे दाखवणारे फलक असतात. तो फलक वाचणाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत: हे पाणी कोणत्या नदीत जाते, आणि एप्रिलमध्ये त्या नदीत स्वतःचे पाणी किती असते?