रेड वाइन ‘कडू’ लागते? ती कडू नसते, तुरट असते!

पहिल्यांदा रेड वाइन पिणारा माणूस बहुतेक वेळा तोंड वाकडं करून एकच सांगतो, “कडू आहे.” खरं तर या चवीसाठी मराठीत नेमका शब्द आहे, तुरट. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी, खरखरीत होते, तसंच इथे होतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातला ओलावाच गेल्यासारखा वाटतो. म्हणजे तुरटपणा जिभेला चवीपेक्षा स्पर्शासारखा जाणवतो.

हा तुरटपणा आटोक्यात आणण्याचा एक जुना उपाय म्हणजे ब्लेंड, म्हणजेच दोन किंवा जास्त जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र करणं. नाशिकच्या वायनरींची कॅबर्ने-शिराझ हे त्याचं सहज मिळणारं आणि खिशाला परवडणारं उदाहरण. कॅबर्ने सॉव्हिन्योंची द्राक्षं बारीक आणि जाड सालीची, त्यामुळे टॅनिन भरपूर. ती नीट पिकली नाहीत तर वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. शिराझ त्यात गर भरते, काळ्या फळांचा गोडसर वास आणि काळी मिरी. हा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही. शेजारचा ‘वा, मिरी!’ म्हणाला आणि तुम्हाला काहीच जाणवलं नाही, तर न्यूनगंड नको.

लेबलवर ज्या द्राक्षाचं नाव आधी, त्याचा वाटा साधारणपणे जास्त असतो. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून वाइन हलकी समजू नका.

आता सगळ्यात मोठी चूक. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. रेड वाइन १६ ते १८ अंशांना चांगली लागते. एप्रिलमधल्या पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या खोलीत ती तिशीच्या पुढे जाते, मग अल्कोहोलचा भपका आधी येतो आणि फळाचा वास हरवतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फार गार झाली तर उलट तुरटपणा वाढतो, तेव्हा रात्रभर ठेवलेली बाटली वीस मिनिटं बाहेर राहू द्या. अशा बाटलीत एवढ्यानेच जो फरक पडतो, तो महागड्या ग्लासानेही पडत नाही.

ग्लास एक तृतीयांशच भरा, गोल फिरवा, आधी वास घ्या. मग छोटा घोट तोंडभर फिरवा. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी सुटल्यावर कळतो, तर टॅनिन हिरड्यांवर आणि गालांच्या आतून. गिळल्यावर चव किती वेळ टिकते तेही पाहा. स्वस्त वाइनची ती लवकर संपते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सोबत काय? सुकं मटण किंवा खिमा. प्रथिनं आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात. तांबडा रस्सा मात्र टाळा, कारण अल्कोहोलने तिखटाची आग आणखी भडकते. मासळीबरोबर कधी कधी लोखंडासारखी चव येते.

अशी वाइन वर्षानुवर्षं जपून ठेवू नका, ती लवकर पिण्यासाठीच बनवलेली असते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. हवा लागल्यामुळे दुसऱ्या दिवशी तुरटपणा थोडा मवाळ झालेला असतो, आणि पहिल्या दिवशी नाक मुरडणाऱ्याला तीच बाटली आवडून जाते.