माधुकरी ते ‘कमवा व शिका’ : विद्यार्थिपोषणाच्या काही शब्दांचा इतिहास

गरीब विद्यार्थ्याच्या अन्नवस्त्राची व फीची तरतूद दर्शविणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. माधुकरी, वार, बोर्डिंग, मुष्टिफंड, नादारी, शिष्यवृत्ती, कमवा व शिका, ई.बी.सी., दत्तक-पालक. शिक्षणसंस्थांच्या इतिहासांत हे शब्द वारंवार येतात. परंतु ते केवळ योजनांची नावे म्हणून. वस्तुतः देणारा कोण, आणि घेणाऱ्याने कोणत्या नात्याने घ्यावयाचे, ह्याचा निवाडा ह्यांतील प्रत्येक शब्दाने आपापल्या परीने केलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या निवाड्याचा मागोवा, मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापुरता, घेण्याचा विचार आहे.

माधुकरी हा ह्यांतील जुना शब्द. मधुकर जसा फुलाफुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसे अनेक घरांतून थोडे थोडे अन्न घेणे, असा त्याचा आशय. कोणत्याही एका घरावर भार पडू नये, ही त्यातील मूळ दृष्टी सुंदर आहे. वार लावून जेवण्याची चाल ह्याहून निराळी. तीत आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटलेले असत. एखादे घर मिळाले नाही, तर तो दिवस कोरडा जाई. कोकणातील वा देशावरील खेड्यांतून पुण्यासारख्या ठिकाणी शिकावयास आलेल्या अनेक मुलांनी ह्या दोन आधारांवर आपले शिक्षण पुरे केले. त्या पिढ्यांच्या आठवणींत कृतज्ञता आहे, तसा मिंधेपणाही आहे. ‘मिंधा’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. उपकाराचे ओझे आणि मान वर करण्याची चोरी, ह्या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. परंतु खरी मर्यादा ह्याहून मोठी होती. माधुकरीची झोळी आणि वाराचे पान ही ब्राह्मण मुलासाठी होती. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाने गुणांच्या जोरावर कोणाचा वार मागावा, अशी सोयच त्या शब्दांच्या अर्थात नव्हती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यातील मुद्दा ह्या संदर्भात मोलाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण हा धर्मादायाचा विषय नसून येणे असलेल्या रकमेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढील पन्नास वर्षांच्या शब्दव्यवहारावर ह्या विचाराची छाया पडलेली दिसते.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून साहाय्य केले. ‘बोर्डिंग’ हा इंग्रजी शब्द ह्याच काळात दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजला, इतका की पुढे ‘वसतिगृह’ हा संस्कृत प्रतिशब्द आला तरी बोलण्यात बोर्डिंगच टिकून राहिले. वार मागणारा मुलगा घरोघरचा पाहुणा होता. बोर्डिंगमधील मुलाला निदान स्वतःचे ताट मिळाले. मात्र ते ताट जातीच्या पंगतीत होते. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असता, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास हजर राहिले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. आश्रय देणाऱ्याच्या अटी आश्रिताने पाळल्याच पाहिजेत काय, हा प्रश्न त्यांना असा कोवळ्या वयातच भेटला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे शाहू छत्रपतींच्या नावाने वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजी तेथे येऊन गेले. ‘रयत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला. त्याच्या अरबी धातूचा अर्थ राखणे, चारणे असा. रयत म्हणजे मुळात राखलेला कळप, धन्याच्या देखरेखीखालील प्रजा. जिचे पालन दुसऱ्याने करावयाचे, तिचेच नाव संस्थेच्या मालकीच्या जागी बसले, ही अर्थाची उलटापालट मला फार बोलकी वाटते. नाव ठेवताना धातूचा विचार कोणी केला असेल असे नाही. पण ‘बहुजन’, ‘समाज’, ‘लोक’ हे शब्द हाताशी असता ‘रयत’च निवडला गेला.

ह्या वसतिगृहाचा चरितार्थ कसा चाले, हे पाहण्याजोगे आहे. सुगीत गावोगावचे धान्य मागून आणावे, सर्व जातींच्या मुलांनी ते एकत्र रांधावे व एका पंगतीस खावे, असा क्रम होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या; त्यांनी ही पंगत सांभाळली, आणि पोरे उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा अंगावरचे दागिने व अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात ही हकीकत त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते, व ती तशी आहेच. परंतु तिच्यातून हेही दिसते की गावांच्या धान्यावर चालणारी व्यवस्था वर्षभर पुरत नव्हती, आणि तूट एका घराच्या स्त्रीधनातून भरली जात होती. दुसऱ्या बाजूस, मोठ्या धनिकावर विसंबण्याचाही अनुभव भाऊरावांना चांगला आला नव्हता. साताऱ्याच्या एका कारखानदाराने संस्थेस साहाय्याचा शब्द देऊन तो पाळला नाही, म्हणून त्यांनी त्याच्याकडील काम सोडले, असे सांगतात.

मूठभर धान्याच्या ह्या दानाला ‘मुष्टिफंड’ हे नाव इतरत्र आधीच मिळाले होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली, पणजीस मराठी शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेचे नावच मुष्टिफंड आहे. शब्द अर्धा संस्कृत, अर्धा इंग्रजी. चूल पेटवण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकायचे. ते कोणत्या मुलाच्या पोटात जाणार, हे त्या गृहिणीला ठाऊक नसते आणि मुलालाही मूठ कोणाची ते कळत नाही. माधुकरीतील मूळ कल्पना येथे पुन्हा आली, पण दारात उभे राहणे मात्र गळाले.

‘कमवा व शिका’ ही रयत संस्थेची घोषणा ह्याही पुढे गेली. व्याकरणदृष्ट्या हा एकमेव शब्दप्रयोग असा की ज्यात विद्यार्थी कर्ता आहे. दोन आज्ञार्थी क्रियापदे, तीही आदरार्थी अनेकवचनी. शेतात राबणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘कमव’ असे म्हटलेले नाही. शेतकाम, बांधकाम, बागकाम करून मुले आपला खर्च भागवू लागली, व ‘स्वावलंबन’ हे संस्थेचे ब्रीद ठरले. ह्या घोषणेचा गौरव पुष्कळ झाला आहे. तथापि दिवसभर राबलेल्या मुलाच्या रात्रीच्या अभ्यासाचे काय होते, आणि जी मुले कमावण्याइतकी मोठी किंवा धडधाकट नसतात त्यांनी काय करावे, हे प्रश्न त्या दोन क्रियापदांत मावत नाहीत. म्हणून स्वावलंबनाबरोबर देणगी, वर्गणी व सरकारी अनुदान ही चालूच राहिली.

सरकारी व्यवहाराने ‘नादारी’ दिली. फारसीत ना-दार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. न्यायालयात नादारी म्हणजे दिवाळखोरी. शाळेत तोच शब्द फीमाफीला लागला. १९५९ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी फीमाफीची सवलत सुरू झाली आणि ‘ई.बी.सी.’ ही अक्षरे घराघरांत पोहोचली. देणारा आता अदृश्य झाला होता; तरी दारिद्र्याचा दाखला मात्र मुलानेच आणून द्यावयाचा होता. प्रस्तुत लेखकाच्या शाळेत दरवर्षी जूनमध्ये वर्गशिक्षक ई.बी.सी.च्या मुलांना उभे करून त्यांची नावे वाचीत. दाखला आणण्यास विसरलो, असे सांगून माझा शेजारी दोन वर्षे खालीच बसून राहिला. त्याची फी त्याच्या आईने उसनवारी करून भरली, हे मला फार उशिरा कळले.

१९८० नंतरच्या दशकात गरीब मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने दत्तक-पालक योजना आली. दत्तक हा धर्मशास्त्रातील शब्द. त्यात गोत्र बदलते, वारसा मिळतो. येथे ह्यांतील काहीच होत नाही. मुलगी आपल्याच घरी राहते व शाळेत जाण्यासाठी तिला दरमहा थोडी रक्कम मिळते. तरीही वृत्तपत्रे ‘अमक्यांनी पाच मुली दत्तक घेतल्या’ असेच छापतात. समासाचा विग्रह केला, तर ‘दत्तक’ हे विशेषण पालकाला लागते, मुलीला नव्हे.